आई आली, आई आल्या

परदेशीपुरा, इंदूर
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. मोनाली,

जयभीम. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या बाबांचा खोकला उतरला, रेडिओचा आवाज मात्र चढला, कारण कान आणखी गेले. थंडी सुरू झाली आहे. तुझी जुनी शाल मधून कापून दोन केल्या, एक त्यांना, एक मला. कागद कॅलेंडरचा आहे म्हणून नाक मुरडू नकोस. मागची बाजू कोरी होती, फेकायला जीव झाला नाही.

तुझा मेसेज मिळाला. आधी वाटलं वकीलसाहेबांना पाठवायचा तो चुकून मला आला. 'तुम्ही धम्मदीनाकडून माझी आई या विषयावर वर्णन लिहून घ्या. तिच्याच अक्षरात, मूळ कागद हवा, चुका सुधारून.' 'तुम्ही' वाचून मी मागे वळून पाहिलं, घरात कोण मोठं माणूस आलं आहे! मग म्हटलं, ऑफिसात सगळ्यांना तुम्ही-तुम्ही करून जिभेला वळण पडलं असेल.

फोनच केला असता. पण फोनवर तू 'आई ऐक, आई ऐक' करतेस आणि ऐकायची वेळ माझ्यावरच येते. पत्रात तुला शेवटपर्यंत ऐकावं लागेल.

मला समजलं ते असं. दीना आता तुझ्याजवळ पुण्याला राहावी म्हणून तू इथल्या कोर्टात अर्ज लावला आहेस. ती पाच वर्षांची असताना तूच लिहून दिलं होतंस की ती बापाजवळ, प्रशिकजवळ राहील. तेव्हा तुझी नोकरी नवी होती, एका खोलीत चार मुली राहत होतात, मी काही बोलले नाही. आता घर आहे, पगार आहे. कोर्टातल्या बाईंना दाखवायला पोरीच्या हातचं काहीतरी हवं, ज्यात तिला आई हवी आहे असं दिसेल. आणि ते लिहवून घ्यायला मी सापडले, कारण दर रविवारी विहारात मराठीच्या वर्गाला ती माझ्यासमोर बसते.

बरोबर आहे ना? बरोबर असेल तर ठीक. मी तुझी आई आहे, तुझ्या बाजूनं नाही उभी राहणार तर कोणाच्या?

वर्ग चालू आहे. मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई व्याकरण शिकवते म्हणून विहारातले पंचशील सर आधी हसले होते, आता तेच म्हणतात, आजी, आमच्या ऑफिसची चिठ्ठी जरा बघून द्या. पोरं हुशार आहेत पण मराठी अशी झाली आहे की काय सांगू. 'मला भूक लागला.' 'माझा घर.' नपुंसकलिंग शिकवताना उन्मेष म्हणतो, 'आजी, हिंदी में दो से काम चल जाता है, आपल्यालाच तीन काय को पाहिजे?' वर्णनाला बसले की सगळं जग छान. आई छान, झाड छान, राजवाडा छान. शेवटी मी तो शब्दच वर्गात बंद केला. म्हटलं, मी विहाराचा हिशेब ठेवते, आलं नाही ते जमेला लिहीत नाही. तुम्हीही पाहिलं नाही ते लिहू नका. माणसाचं वर्णन करायचं तर त्याचे हात बघा. हात काय करतात ते लिहिलं की माणूस आपोआप उभा राहतो.

कालचा धडा मात्र गमतीचा झाला. सगळ्यांनी लिहून आणलं होतं, 'माझ्या आई मला शाळेत सोडतात. त्या टिफिन बनवतात.' हिंदीत मम्मी कहती हैं, मम्मी आती हैं, ते जसंच्या तसं उचलून मराठीत ठेवलेलं. ही चूक पुण्या-मुंबईची पोरं कधी करणार नाहीत, आपलीच करतात. मी फळ्यावर लिहिलं, बाबा आले, आई आली.

तर उन्मेष उभा. 'आजी, ये तो पार्शलिटी है भिया! बाबांना इज्जत, आणि आईला काहीच नाही?'

'भिया कोणाला म्हणतोस रे? इज्जत नाही, ही जवळीक आहे,' मी म्हटलं. 'जिच्या कुशीत शिरता येतं तिला ती. ज्यांच्यासमोर नीट बसावं लागतं त्यांना त्या. शाळेतल्या बाई आल्या. आई आली.'

'आणि आजी?' दीनानं विचारलं.

'आजी आली,' मी म्हटलं, आणि सगळी पोरं माझ्या अंगावर येऊन पडली. चष्म्याची काडी वाकली, ती बाबांनी पकडीनं सरळ केली.

दीनाला आधी एक सोपा विषय देते, हात मोकळा होऊ दे, मग तुझा विषय देते. छान लिहिते ती. तो शब्द वर्गात बंद आहे, तुला लिहिताना चालतो.

वेळेवर जेव.
तुझी
आई

.

परदेशीपुरा, इंदूर
मंगळवार, ९ डिसेंबर

चि. मोनाली,

जयभीम. तुझ्या मेसेजवर मेसेज आले. 'तुम्ही वेळ काढत आहात.' नाही ग, वेळ कोण काढतंय. एका रविवारी विहाराला चुना मारायचा होता, वर्ग झाला नाही. मग सहा डिसेंबरला आम्ही सगळे महूला गेलो, अभिवादनाला. यंदा गर्दी खूप. तुझ्या आजोबांच्या पलटणीची जागा बाबांनी दीनाला दाखवली, तिथे आता भलतीच इमारत आहे, तरी बाबा हात करून सांगत होते, इथे परेड व्हायची. दुसऱ्या दिवशी पोरं पेंगत होती. त्यांना काय लिहायला लावू?

थंडी चांगलीच आहे. बाबांना संध्याकाळी गरम काही लागतं. गराडूचे कंद तळले होते, वर जिरावण मसाला टाकून. गराडू मी आणले नव्हते, एवढे महाग मी कशाला आणते. प्रशिककडून आले होते. म्हणजे प्रशिकच्या घरून. दीना डबा घेऊन आली, सोलून, उकडून, फोडी करून दिलेले, फक्त तळायचे. खाल्ले आम्ही. अन्नाला काय नाव असतं.

विहारात गिरिजाबाईंना कुठून कळलं देव जाणे. (देव नाही म्हणतो आपण, पण लिहून गेलं.) सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'इंदुमती, लेकीची केस एकीकडे आणि लेकीच्या सवतीचे गराडू एकीकडे, दोन्ही पचतं का गं तुला?' मी म्हटलं, मला सगळं पचतं, तुमच्या पोटात का दुखतं? म्हटलं खरं, पण घरी येईपर्यंत तोंड कडू होतं.

तुझ्या वकिलांच्या मुंशींचा फोन आला होता. गोड बोलतात. 'माताजी, बच्ची मराठी में लिखे तो भी चलेगा, हम अनुवाद करवा लेंगे. बस भावना आनी चाहिए.' मी म्हटलं, आमच्या वर्गात भावना लिहीत नाहीत, दिसतं ते लिहितात. ते हसले. 'माताजी, आप तो टीचर निकलीं.'

सोपा विषय दिला होता म्हटलं ना, तो 'आमच्या घरची सकाळ'. दीनानं लिहिला. मी आजपर्यंत या वर्गात वाचलेलं सगळ्यात चांगलं वर्णन आहे ते. एकही विशेषण फुकट नाही. व्याकरणाची एकही चूक नाही. बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं, त्यांनी त्यासाठी रेडिओ बंद केला. मग परत चालू केला.

ते तुला पाठवत नाही. तू मागितलेलं नाही.

पुढच्या रविवारी तुझा विषय नक्की. तू मला तुम्ही लिहितेस ते सोड आता, मला उगाच सासरी आल्यासारखं वाटतं.

तुझी
आई

.

परदेशीपुरा, इंदूर
सोमवार, २२ डिसेंबर

मोनाली,

काल तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही. आज देते. सकाळची वंदना झाली, बाबांचा चहा झाला, कुकर लावला आहे. आज मी घाईत नाही.

चौदा तारखेला दीनानं 'माझी आई' लिहिलं आणि त्याच संध्याकाळी मी तुला फोनवर वाचून दाखवलं. मधेच तू म्हणालीस, 'हे त्या-त्या काय लावलंय? इंदूरची पोरं असंच लिहितात. तुम्हीच शिकवता ना व्याकरण, मग सुधारा आणि पाठवा.' मी पुढचं वाक्य वाचायला लागले. तर म्हणालीस, 'मतलब आता तुम्हाला ती बाई जास्त झाली.' आणि फोन ठेवलास.

'ती' बाई म्हणालीस. बघ, तुला बरोबर येतं. ते बोट दाखवायचं 'ती', ते वेगळं.

आधी ते लिखाण कसं झालं ते ऐक. मी विषय फळ्यावर लिहिला आणि सगळे खाली मान घालून बसले. दीना नुसतीच पेन्सिल फिरवत होती. जवळ गेले, म्हटलं, काय झालं, हातांपासून सुरू कर, मी शिकवलंय ना.

'आजी, हात नसतात.'

'नसतात म्हणजे?'

तिनं स्वतःच्या खांद्याच्या खाली हात आडवा धरला. 'फोनमध्ये इथपर्यंतच असतात.'

मोनाली, मला तिथे फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं. विषय मीच दिलेला, नियम माझाच, आणि पोरगी तो नियम पाळायला बघत होती. मी म्हटलं, मग जे दिसतं ते लिही. तिनं लिहिलं. ते तू ऐकलंस, पण तू ऐकत नव्हतीस, चुका मोजत होतीस. म्हणून उतरवून देते. मूळ कागदही सोबत आहे.

'माझ्या आईचं नाव मोनाली आहे. त्या पुण्याला राहतात. त्यांच्या मागे पांढरी भिंत आहे आणि भिंतीवर घड्याळ आहे. त्यांच्या कानात मोती असतात. त्या बोलताना मधेच दुसरीकडे बघतात आणि मग परत माझ्याकडे बघतात. त्या विचारतात काय जेवलीस. मग विचारतात अभ्यास झाला का. मी सांगते. कधी कधी त्यांचा आवाज आधी येतो आणि ओठ नंतर हलतात. त्यांचे हात मला आठवत नाहीत. एकदा त्यांनी कप उचलला तेव्हा बोटं दिसली. नखं लाल होती. त्या खूप हुशार आहेत असं आजी सांगते. फोन बंद झाला की त्यांचा फोटो गोल होतो आणि लहान होतो.'

एवढंच आहे.

बाबांनाही तुझ्यासारखंच वाटलं. म्हणाले, 'अगं, हिंदीची सवय. त्या खोडून ती कर आणि दे पाठवून. लेक आपली आहे.' मलाही तसंच वाटावं असं मला फार वाटत होतं. एका अक्षराचं काम. आणि मी बसलेच ना करायला. काल वर्ग सुटल्यावर दीनाला थांबवलं, कागद समोर ठेवला, खोडरबर दिलं. म्हटलं, यात चूक आहे, शोध.

तिनं बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. 'काही नाही, आजी.'

'आई आली की आई आल्या?'

'आई आली.'

'मग हे काय? त्या राहतात, त्या बघतात, त्या विचारतात?'

'ते घरच्या आईचं, ती. या आईंना त्या.' माझ्याकडे असं बघत होती, जसं मीच धडा विसरले. 'तूच सांगितलंस ना. कुशीत शिरता येतं तिला ती. नीट बसावं लागतं त्यांना त्या. फोन आला की मी नीट बसते. बाबा केस पण विंचरायला लावतात.'

तिनं स्वतःच खोडरबर उचललं. 'खोडू? तू म्हणशील तर खोडते. पण मग बरोबर होईल?'

मग म्हणाली, 'हे आईंना पाठवणार आहेस?'

'हो.'

'मग त्या असंच पाहिजे.'

मी खोडरबर तिच्या हातातून काढून घेतलं. कोर्टाचं मी तिला सांगितलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू?

आता ते दुसरं, जे मी पाठवत नाही म्हटलं होतं. एक महिना मी ते उशीखाली ठेवल्यासारखं ठेवलं आणि तुला गराडूंच्या गोष्टी लिहिल्या. 'आमच्या घरची सकाळ' मध्ये दीना लिहिते, 'आई आधी उठते. ती पोह्यांवर शेव हातानं चुरून टाकते आणि मग हात फ्रॉकला पुसू नको म्हणून मला ओरडते आणि स्वतः ओढणीला पुसते. वेणी घालताना ती रबर दातात धरते, म्हणून तिला बोलता येत नाही, नुसतं हं हं करते. मी हलले की टपली मारते. तिच्या बोटांना लसणाचा वास येतो.'

पानभर हातच हात आहेत. आणि पानभर ती.

ही सुरभी. आतापर्यंत मी तुला तिचं नाव लिहिलं नाही. प्रशिकनं तुमचा सोडचिठ्ठीचा कागद झाल्यावर वर्षाच्या आत तिला आणली तेव्हा मी त्याला नाही नाही ते बोलले. माझा राग आजही गेलेला नाही त्याच्यावरचा. पण तिच्यावर ठेवावा म्हटलं तर धरायला काही सापडत नाही. दीनाला सोडायला येते तेव्हा विहाराच्या पायरीखालीच उभी राहते, वर येत नाही, म्हणते, 'आत्याबाई, तुम्हाला अवघड होईल.' एकदा मीच तिला हाताला धरून वर आणलं. चहा पाजला. हे तुला कळू नये असं मला वाटत होतं. आता कळलं.

तुला वाटेल, आईला मुंशीच्या कामाची अक्कल नाही, म्हणून अडून बसली. ऐक. काल मी स्वयंपाक करता करता ते सगळं मनातल्या मनात हिंदीत करून पाहिलं. 'वे पूना में रहती हैं. वे पूछती हैं, क्या खाया.' किती शोभून दिसतं! ज्या बाई ते वाचतील त्या म्हणतील, कितनी संस्कारी बच्ची है, माँ का कितना आदर करती है. हातांचं वाक्य मुंशी गाळतील, फोटो लहान होतो तेही गाळतील. उरेल त्यात तुझं काही वाईट होणार नाही. हिंदीत गेलं की त्या 'त्या'चं काहीच उरत नाही. कोर्टात कोणालाच कळणार नाही.

म्हणजे सुधारायची गरजच नव्हती, बघ. तरी तुला ते सुधारून हवं आहे. मग ते कोणासाठी गं? कोर्टासाठी नाही. तुला स्वतःला ते वाचवत नाही, म्हणून.

मी ते सुधारणार नाही. रोज सकाळी मी तोंडानं 'मुसावादा वेरमणी' म्हणते, खोटं बोलणार नाही म्हणते, आणि मग कुकर लावते. इतकी वर्षं म्हणताना कधी अडले नाही, कारण माझ्यासारखीला खोटं बोलायला असतं काय? दुधाचं, भाजीचं. आज पहिल्यांदा त्या शब्दावर येऊन थांबले. पोरीनं पाहिलं ते लिहिलं, मी शिकवलं तसं लिहिलं. ते खोडून मी माझ्या हातानं तिथे 'ती' लिहिलं तर वर्गात परत कोणत्या तोंडानं उभी राहू?

कागद तुझा आहे, तुझ्याबद्दल आहे, म्हणून तुला पाठवते आहे. मुंशींना दे, अनुवाद करून घे, केस जिंक. मी आडवी येणार नाही. फक्त कोर्टातल्या बाईंनी मला बोलावलं तर जाईन, आणि मला दिसतं ते सांगेन. तुझ्याबद्दलही सांगेन की ही लेक चौथीत असताना शाळेतून येऊन माझ्या पदराला हात पुसायची आणि मी ओरडायची. तेही खरंच आहे.

जिंकलीस तर ती येईल तुझ्याकडे. तिथेही नीट बसेल. केस विंचरून बसेल. तुला विचारेल, आई, तुम्ही जेवलात का? तुझ्या शेजारणी म्हणतील, किती वळण आहे मुलीला. तेव्हा तुला ही पानं आठवतील, म्हणून नाही पाठवत. पण आठवतील.

आणि माझं विचारशील तर, मला तुझी दया येत नाही आज. राग येतो. पाच वर्षांत तू इंदूरला आलीस ती हॉटेलात उतरलीस, कारण इथे गरम पाण्याला बंब लागतो. दोन तास तिला मॉलमध्ये नेलंस, कपडे घेऊन दिलेस, त्यातला एकही तिच्या मापाचा नव्हता. तिचं माप तुझ्या डोळ्यांत नव्हतं. वकील करताना तू मला विचारलं नाहीस, लिहवून घ्यायला मात्र मीच लागले.

तरी लिहिते. यायचं असेल तर ये. सुट्टी घेऊन ये, मॉलसाठी नको. इथे राहा, बंब मी पेटवीन. सकाळी सुरभीकडे जा, पायरीखाली उभी राहा जशी ती उभी राहायची, आणि म्हण, आज हिची वेणी मी घालते. ती घालू देईल, मी ओळखते तिला. नखांचा लाल रंग काढलास नाही काढलास तरी चालेल. पहिल्यांदा दीना ताठ बसेल. वेणी वाकडी येईल. पण असं पुष्कळ दिवस केलंस तर कधीतरी तुझ्याबद्दल बोलताना तिची जीभ घसरेल आणि तोंडातून 'ती' निघून जाईल. ती चूक मी सुधारणार नाही, एवढं तुला मी देते.

नाही आलीस तर कळवायची गरज नाही. मला समजेल.

एक राहिलं. नोव्हेंबरपासून तू मला तुम्ही लिहितेस. मी ते ऑफिसचं वळण म्हणून सोडून दिलं, मग थट्टेवारी नेलं, मग एकदा सांगूनही पाहिलं. दीनाचा कागद वाचल्यापासून तुझे सगळे मेसेज परत उघडून बघितले. कुठेही चुकलेली नाहीस. प्रत्येक ठिकाणी तुम्ही आहे, सरळ, बरोबर, जसं शाळेतल्या बाईंना लिहितात.

मीच शिकवलंय ते दोघींना. तुलाही, तिलाही.

इंदुमती
(आधी इथे 'तुझी आई' लिहीत होते. ती, की त्या, ते आता तू सांग.)